देवीच्या डोळ्यांचा कुंचला

१

दरवर्षी आंबेकोंड वाडीची चढण चढताना दाजीबुवांच्या कानांवर आधी टाळांचा आवाज पडायचा. या चैत्रात पडला तो एका बाईच्या रडण्याचा.

दाजीबुवा महाडचे हरिदास. सर्व्हिस मोटारीनं पोलादपूरपर्यंत यायचं आणि तिथून उमरठच्या वाटेला लागून डोंगर चढायचा. झोलाईदेवीची जत्रा झाली, रात्रभराचे खेळे, म्हणजे देवी-दैत्यांची सोंगं, झाली, की मागून बुवांचं कीर्तन. वाडी लहान, पण ऐकणारी माणसं अशी की बुवांनी नामाचा गजर सुरू केला की टाळ्या वाजवता वाजवता म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना पाणी. एवढ्यासाठी बुवा शहरातली दोन आमंत्रणं मोडून इथे येत.

देवळापुढच्या मांडवात सगळी वाडी बसली होती, पण कुणी उठून सामोरं आलं नाही. गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर कुंकू लावलेला एक नारळ होता. मांडवाच्या मेढीला एक कापडी गुंडाळी टांगली होती आणि तिच्याखाली सोंगं रंगवणारा म्हातारा कुशाबा एकटाच गुडघ्यांत मान घालून बसला होता. त्याच्या चारी बाजूंनी माणसांनी जागा मोकळी सोडली होती.

गावकर भागोजी पुढे झाला. "बुवा, यंदा कीर्तन नाय. गावाला पाप लागलाय."

"अरे, झालंय काय? कोण रडतंय?"

"ठकूबाई. तिच्या मालोजीचं डोळं गेलं."

मालोजी म्हणजे ठकूबाईचा एकुलता एक. बाप लहानपणीच गेला. पोरगा मुंबईला गिरणीत लागला होता. गोरा, रेखीव, बोलायला गोड. या वर्षी पहिल्यांदाच खेळ्यांत देवीचं सोंग त्याला दिलं होतं.

भागोजीनं सांगितलं ते असं. देवी मांडवात आली तेव्हा बाया-बापड्यांनी पायांवर डोकी ठेवली, असं रूप दिसलं. पण पहाटे सोंग उतरवताना मालोजी म्हणाला, डोळ्यांभोवती आग होते. उजाडेपर्यंत पापण्यांवर फोड आले. त्यानं चोळलं, ते डोळ्यांत गेलं. डोलीत घालून महाडला नेला, तर डॉक्टर म्हणाले, काहीतरी जहाल लागलंय, बुबुळं गेली, आता दिसायचं नाही.

"दोन्ही?"

"दोन्ही, बुवा." भागोजीनं टांगलेल्या गुंडाळीकडे बोट दाखवलं. "देवीचं डोळं रंगवायचा कुंचला एकट्या कुशाबाच्या हाती असतो. दुसऱ्या दिशी वड्यावर बसून ह्यो तोच कुंचला घासत व्हता. पुन्यांदा पुन्यांदा घासत व्हता! कशापायी?"

"कुशाबा काय म्हणतो?"

"कायबी नाय. तोंड उघडत नाय. म्हनून मी देवीम्होरं नारळ ठिवला नि बोललो, ज्येच्या हातानं ह्ये झालं त्यो शिवेच्या आत ऱ्हानार नाय. आज दिस मावळायच्या आत शीव वलांडायची नि पुन्ना हिकडं तोंड करायचं नाय."

बुवांनी कुशाबाकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं मान वर केली आणि अगदी हळू म्हणाला, "बुवा, पाया पडतो. तुमी ह्यात पडू नका."

निर्दोष माणूस असं म्हणत नाही. आणि दोषी माणूस तर त्याहून म्हणत नाही.

२

"ती गुंडाळी मला द्या," बुवा म्हणाले.

कुशाबाचं आणि त्या कुंचल्यांचं नातं बुवांना ठाऊक होतं. खेळे संपले की दुसऱ्या दिवशी तो ओढ्यावर बसायचा. रिठ्याचं पाणी घुसळून फेस काढायचा. एकेक कुंचला तळहातावर गोल फिरवायचा, सफेदा निघून जाऊन पाणी नितळ दिसेपर्यंत. ऊन पाणी कधी घ्यायचा नाही. "ऊन पान्यानं लाख पाघळते, केस गळत्यात," म्हणायचा. मग फडक्यात दाबून, बोटांनी टोक जुळवून, केस खाली करून दोरीला टांगायचा. उभे ठेवले तर पाणी मुळाशी उतरतं आणि बांधणी कुजते. वाळले की खोबरेलाचं एक बोट फिरवायचं, वेखंडाची पूड भुरभुरायची आणि गुंडाळीत झोपवायचे. एकदा बुवा म्हणाले होते, "कुशाबा, तुझी पूजा माझ्यापेक्षा सोवळ्याची." म्हातारा हसून म्हणाला होता, "माझं द्येव केसाळ हायत, बुवा."

बुवांनी गुंडाळी उलगडली. जुन्या धोतराचं कापड, त्यात शिवलेले कप्पे, आणि केसांच्या बाजूनं वरून पांघरायचा एक पदर. जाडे कुंचले अंगा-तोंडाला रंग लावायचे, ते मऊसूत, तेलकट, टोकं जुळलेली. शेवटच्या कप्प्यात खारीच्या शेपटीच्या केसांचा बारीक कुंचला. तो मात्र बघवेना. केस पिंजारलेले, कोरडे, निम्मे झडलेले.

बुवांनी वास घेतला. राखेचा वास. रिठ्याशिवाय ज्यानं आयुष्यात कशाला हात लावला नाही, त्यानं आपला सगळ्यांत नाजूक कुंचला राखेनं घासला होता. त्याला लागलेलं काय आहे ते त्याला कळलं होतं, आणि ते साधं रिठ्यानं निघणारं नव्हतं.

बुवांनी पदर उलटला. बारीक कुंचल्याचे केस जिथे टेकत, बरोबर तिथे पदराच्या दुमडीत एक डाग होता. काळा, कडेला तांबूस, सुपारीएवढा. डागातून एक बारीक रेघ निघून कापडाच्या कडेपर्यंत गेली होती, जशी ओल्या दोऱ्याची उमटावी.

"हा डाग जुना आहे का?"

"नाय, नाय!" गर्दीतून एक तरुण पुढे आला. "जत्रेच्या आधी मी सोत्ता बगितली हाय गुंडाळी. बिलकुल साफ व्हती."

हा रामा. मुंबईत मालोजीच्याच चाळीत राहणारा. अंगात शर्ट, केसांना भांग. खेळ्यांत तो दैत्य झाला होता.

मागून एक म्हातारी पुटपुटली, "नाव रामा नि सोंग दैत्याचं! कुनाचा भरवसा धरायचा!"

"आत्ते, गप ऱ्हा गो!" रामा उसळला. "बुवा, ह्यान्ला वाटतं, मी मुंबैचा डबा आनला सफेद्याचा, त्यातच जहर. आरे, फस्ट क्लास माल हाय! मी सोत्ता तोच सफेदा नि तेच काजळ तोंडभर थापलंय. हे बगा थोबाड. फोड हाय काय येक तरी?"

थोबाड खरोखरच तुकतुकीत होतं.

"वाट्या वेगळ्या होत्या का रे?"

"येकच वाटी. दैत्याला नि देवीला."

म्हणजे रंग शुद्ध होता. बुवा स्वतःशी म्हणाले, जे मालोजीला लागलं ते फक्त कुंचल्यातून लागलं. जाड्या कुंचल्यांनी सगळ्यांची तोंडं रंगली, पण बारीक कुंचल्यानं डोळे रेखले एकट्या देवीचे.

"मालोजीच्या आधी देवी कोण करायचा?" असं विचारायची बुवांना गरज नव्हती. इतकी वर्षं त्यांनीच ती पाहिली होती. त्यांनी मांडवभर नजर फिरवली.

"चांगू कुठं आहे?"

भागोजी म्हणाला, "जत्रेच्या दुसऱ्या दिसापास्नं घराभायेर निगाला नाय. उजव्या हाताला फडकं बांधून बसलाय. कोयती लागली म्हनतो."

३

चांगू ओटीवर बसला होता. चाळिशी ओलांडलेला, जबड्याची हाडं रुंद झालेली. याच तोंडावर बुवांनी देवीचं तेज पाहिलं होतं. बुवांना पाहून तो उठला आणि उजवा हात पाठीमागे नेला.

"कोयती उजव्या हातात धरतोस ना? मग उजव्याच हाताला कशी लागली?"

चांगूनं हात आणखी मागे ओढला.

"चांगू, मी पोलीस नाही. देवाचं नाव घेणारा माणूस आहे. सोड ते फडकं."

फडकं सुटलं. तळव्याच्या मधोमध फोडांची एक रांग होती. वाकडी-तिकडी नव्हे. वर एक कमान, खाली एक कमान, दोन्ही टोकांना जुळलेली. तो डोळा होता.

"जत्रेच्या दिशी तिन्हीसांजा," चांगू खाली बघत म्हणाला, "गुंडाळी देवळाच्या वट्यावर व्हती. कुशाबा पानी आनाया गेल्याला. इतकी वर्सं त्या कुंचल्यानं माझं डोळं रेखलं, बुवा. यंदा भागोजी म्हनला, चांगू, आता तू बाप्या दिसतोस. खरं हाय ते. पर जीव मानंना. कुंचला घेतला, कपाळाला लावला. कोरडाच व्हता. तळव्यावर येक डोळा काडला नि ठिवून दिला. बस, येवढंच. रातीला हात खाजाया लागला."

"आणि सांगितलं का नाहीस?"

"कोन आयकंल? देवी काडून घेतली म्हनून चांगूनंच इख लावलं, आसं म्हनतील. मी भ्यालो. तिकडं कुशाबा माझ्यापायी बोल खातोय, ह्ये बी कळतंय मला." तो ढसाढसा रडू लागला. "मालोजी कडंवर घेतल्यालं प्वार हाय माझं."

बुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. विष लावणारा माणूस त्याच कुंचल्यानं स्वतःच्या तळव्यावर डोळा काढणार नाही. चांगू खरं सांगत होता. आणि खरं असेल तर कुंचला खेळ्यांच्या आधीच, उजेड असतानाच बाधला होता. तेव्हा रंग कालवलेलाही नव्हता.

चांगूचा हात बुवांनी उन्हाकडे धरला. फोडांच्या बुडाशी कातडी काळी पडली होती. तो काळा रंग त्यांनी कुठेतरी रोज पाहिला होता. घाम पुसायला त्यांनी खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि ते हातातच राहिलं. उपरण्याच्या कोपऱ्यावर महाडच्या परटानं केलेली खूण होती. काळी, कडेला तांबूस, कितीही धुतली तरी न जाणारी.

"बिब्बा!" बुवा म्हणाले. "परीट याच्याच तेलानं कपड्यांवर खूण करतात."

चांगू दचकला. "बिब्बा उतला? म्हंजी कुनी बिब्ब्याचं त्याल लावलं?"

बुवांना डागातून निघालेली ती रेघ आठवत होती. वैर साधायला निघालेला माणूस बिब्बा चेचतो, तेल काढतो. बिब्ब्याला दोरा कोण ओवतं?

४

दोरा ओवलेला बिब्बा वाडीत घरोघरी होता. पाळण्याला, दाराला, गाईच्या गळ्यात. कुणाची नजर लागू नये म्हणून. बुवा ठकूबाईच्या दारी आले तेव्हा तिच्याही चौकटीवर एक टांगलेला होता, हिरव्या धाग्यात.

आत मालोजी घोंगडीवर निजला होता. डोळ्यांवर ओली पट्टी. बुवांचा आवाज ऐकून तो उठायला लागला.

"नीज रे बाळा."

"बुवा, कुशाबाला घालवू नका म्हनावं. त्यानं माझं डोळं रेखलं तवा श्वास बी धरून ठिवलान, हात हलाया नको म्हनून. आसा मानूस काय वाईट करंल?"

ठकूबाईनं बुवांना पाट दिला, पाणी दिलं. रडून रडून तिचा आवाज बसला होता, पण बोलल्याशिवाय राहवत नव्हतं.

"कुनाचं नाव घिऊ, बुवा? मला तर ह्यो मानसाचा परताप वाटत नाय. नजर लागली माझ्या लेकराला. आवो, काय दिसत व्हता! म्या आय आसून माझीच नजर ठरंना. आनि जत्रेला सव-महाडपास्नं मानसं आल्याली. कुनाकुनाचं डोळं झाकू?"

"खरं आहे, बाई."

"म्या काय कमी केलं नाय. मीठ-मोहऱ्या उतरल्या. दाराला बिब्बा बांधला. त्येच्या कनवटीला बी दिला, तर म्हनतो कसा, आये, देवीच्या कमरंला बिब्बा बरा दिसतो काय! काडून ठिवला बगा. मुंबैला ऱ्हाऊन शाना झालाय." ती रडता रडता किंचित हसली. "मग मीच युगत केली. जत्रेच्या दिशी सकाळी कुशाबानं गुंडाळी उन्हाला टाकल्याली. देवीचा बारीक कुंचला ज्या कप्प्यात, त्येच्या पदराच्या दुमडीत खोचला बिब्बा. म्हनलं, ज्या कुंचल्यानं रूप चढनार त्येच्यावरच राखन आसूंदे. कुनालाच सांगितलं नाय. सांगितलं की गुन जातो."

बुवांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"येवढी राखन ठिवली," ठकूबाई म्हणाली, "तरी बी नजर लागलीच. किती वाईट नजर आसंल वो ती, बिब्ब्याला बी आयकली नाय!"

सुईनं भोसकलेला बिब्बा. दिवसभराचं चैत्राचं ऊन. आणि खोबरेल पाजून मऊ ठेवलेले ते केस, जे समोर येईल ते तेल पिणारे. बुवांना सगळं एका क्षणात दिसलं, आणि समोर बसलेल्या माऊलीला त्यातलं काहीच दिसत नव्हतं.

"बुवा, पानी घ्या की. चेहरा का उतरला तुमचा?"

"ऊन लागलं, बाई," बुवा म्हणाले. देवा, मला क्षमा कर, असं मनात म्हणत ते उठले.

५

कुशाबाला ओढ्यापर्यंत जायची मुभा होती. बुवा त्याच्याशेजारी दगडावर बसले.

"बिब्बा कधी सापडला तुला?"

म्हाताऱ्यानं दचकून इकडेतिकडे पाहिलं. जवळपास कुणी नव्हतं.

"धुवाया बसलो तवा. कापड झाडलं नि पडला. हिरवा दोरा. तिच्या लुगड्याच्या काठाचा. पुरला मी."

"आणि कुंचला राखेनं घासलास."

"त्याल निगंना ना, बुवा. वाटलं, पुन्ना कुनाला बाधाया नको. नि कुनी हुंगून वळखाया बी नको." त्यानं आपले हात पुढे केले. राठ, चामड्यासारखे. "माझ्या हातांना बिब्बा उतत नाय. जलमभर बिब्बं येचलं. हातांना कळलं आसतं तर डोळं रेखायच्या आधीच कळलं आसतं. त्येच टोक ह्याच बोटांनी जुळवलं मी, बुवा! मंग माझा हात नाय कसा?"

"तुझा हात आहे, पण दोष नाही. मी मांडवात सांगणार आहे."

कुशाबानं बुवांचे पाय धरले.

"नका! मी येकटा हाय. बायकू गेली, प्वार नाय, बाळ नाय. शिवेच्या अल्याड मेलो काय, पल्याड मेलो काय. पर तिला कळलं, की आपल्याच हातानं लेकाचं डोळं गेलं, तर ती जगंल काय? आन आंधळ्या प्वाराला आय लागती, बुवा. कुशाबा नाय लागत."

ओढ्याचं पाणी वाहत होतं. हजारो माणसांना बुवांनी सत्याचा महिमा सांगितला होता. त्या सत्याचं वजन असं पदरात पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"भागोजीला बोल मागं घ्यायला लावतो," शेवटी ते म्हणाले.

पण भागोजी बधला नाही. बुवांनी त्याला एका बाजूला घेऊन विनवलं. कारण सांगितलं नाही, फक्त म्हणाले, बोल मोकळा कर. भागोजी म्हणाला, "नारळ ठिवलाय, बुवा. बोल आता माझा नाय ऱ्हायला, देवीचा झाला. मी माघारी घेतला नि उद्या वाडीत कायबी इपरीत घडलं, तर लोक माझ्या दारात उभी ऱ्हातील."

सूर्य डोंगराकडे कलू लागला होता. कुशाबा आपलं बोचकं बांधायला उठला.

६

बुवा मांडवात उभे राहिले. गळ्यात वीणा नव्हती, पण उभं राहण्याची ढब तीच. एक गोष्ट त्यांनी मनाशी ठरवली होती. खोटं बोलायचं नाही, आणि नाव घ्यायचं नाही. ठकूबाई घरी लेकापाशी आहे, एवढाच त्यांना आधार होता.

"मायबापहो," ते म्हणाले, "कुशाबानं हे केलेलं नाही. चांगूनं नाही, रामानंही नाही. कसं ते ऐका."

त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. एकाच वाटीतला रंग दैत्यालाही लावला, देवीलाही. दैत्य धडधाकट आहे, म्हणजे दोष रंगात नाही. चांगूला पुढे बोलावून त्याचा तळवा दाखवला. रंग कालवायच्या आधी, कोरड्या कुंचल्यानं काढलेला डोळा तिथे फोडांनी उमटला आहे. म्हणजे कुंचला आधीच बाधलेला होता. मग गुंडाळीचा पदर उलगडला आणि त्या डागाशेजारी आपल्या उपरण्यावरची परटाची खूण धरली. लोक पुढे झुकले.

"बिब्बा," कुणीतरी म्हणालं.

"बिब्बा. आणि ही रेघ बघा. दोऱ्याची. वैर करणारा बिब्बा चेचून लावतो. दोरा ओवून ठेवतो तो माया करणारा. कुणीतरी राखण म्हणून ठेवला. उन्हानं त्याचं तेल सुटलं, कुंचल्याच्या केसांनी ते प्यायलं. यात कुणाचाही अपराध नाही. कुणाचाही नाही!"

बुवांची वाणी कीर्तनात रंगायची तशीच रंगली होती. शब्द न् शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. आणि शेवटच्या माणसाच्या मागे, मांडवाच्या तोंडाशी, मालोजीचा हात धरून ठकूबाई उभी होती. कुशाबासाठी दोन शब्द बोलायचे म्हणून लेकानं हट्टानं तिला आणायला लावलं होतं.

बुवांना ती दिसली तेव्हा त्यांचं सगळं सांगून झालं होतं.

ती हलली नाही. नुसती त्या डागाकडे बघत राहिली. बघता बघता तिच्या तोंडाचा रंग उतरत गेला.

"दुमडीत," ती म्हणाली. "म्या दुमडीत खोचला व्हता."

"नाय गो, ठकू!" कुशाबा ओरडला. "मीच! मीच ठिवला!"

"तू कशाला ठिवशील, कुशाबा? तुला कुठं लेक हाय?" ती पुढे आली, गाभाऱ्यासमोर, नारळापाशी. मालोजीचा हात तिनं सोडला होता. तो हवेत चाचपडत होता. "भागोजीदादा, बोल काय व्हता? ज्येच्या हातानं ह्ये झालं."

भागोजीनं नारळाकडे बघितलं. "आगो, बस तू. आमी कौल लावू देवीला. फुलं लावू. देवी दया करंल."

"कुशाबाला लावला व्हता काय कौल?"

भागोजीनं मान खाली घातली. बायांतून कुणीतरी हुंदका दिला. बुवा पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "माऊली, देव असा बोल मागत नाही. मी सांगतो तुला."

"तुमचा द्येव मागत नसंल, बुवा," ठकूबाई शांतपणे म्हणाली. "माझ्या डोळ्यांम्होरं हा आंधळा बसनार रोज. वाडीतलं येकेक मानूस त्येच्याकडं बगनार नि मग माझ्याकडं. मला कुठंतरी जायालाच हवं. देवीनं वाट दावली, ती बरी."

ती निघाली. कुणी तिला अडवायला धजलं नाही, कारण नारळ तिथेच होता.

मालोजी तिच्या पावलांच्या आवाजामागे धावला आणि मेढीवर आपटला. कुशाबानं त्याला धरलं. "म्हातारबा," मालोजी म्हणाला, "मला तिच्यासंगं जायाचं हाय. वाट दाव." कुशाबानं बांधलेलं बोचकं खांद्यावर टाकलं, काठीचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं आपल्या हातात धरलं, आणि दोघं तिच्यामागे चालू लागले. कुशाबाला जायला आता कुणी सांगितलेलं नव्हतं.

बुवा त्यांच्यामागे चालले. सव गावात ऊन पाण्याच्या झऱ्यांशी त्यांच्या ओळखीची माणसं होती, तिथे आसरा मिळेल, असं ते वाटेनं सांगत होते. ठकूबाई ऐकत होती की नाही कोण जाणे. बुवांच्या मागे चांगू, रामा, मग बाया, आणि सगळ्यांत शेवटी भागोजी. आख्खी वाडी उतरणीला लागली होती, देवीची पालखी निघावी तशी, पण मुकी.

उतारावर एक घळ होती आणि घळीत शेंदूर फासलेला धोंडा. ठकूबाई तिथे थांबली. मागे वळली नाही.

"शीव हीच ना रे?" तिनं विचारलं.

सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी हो म्हणालं नाही.

तिनं लुगडं सावरलं आणि धोंड्यापलीकडे पाऊल टाकलं. लेक काठीच्या आधारानं तिच्यापाशी पोचला. त्यानं हात लांब करून तिचा खांदा शोधला आणि घट्ट धरला.

"आये, वलांडली काय?"

"वलांडली रे बाबा," ती म्हणाली. "जपून ये. म्होरं उतार हाय."